तात्यांचे उरलेले डोस

तात्या परबांच्या फ्रीजच्या दारात अंडी ठेवायच्या बारा खाचा आहेत आणि त्यांतल्या एकाही खाचेत अंडं नाही. अंडी बाहेर टोपलीत असतात. खाचांत बाटल्या असतात, रबरी बुचाच्या, छोट्या, प्रत्येकीत थोडं थोडं औषध उरलेलं. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी आणि पट्टीवर बॉलपेनने, सुवाच्य अक्षरात: ‘गोदी, कास, उरलेला’. ‘बोकड, पाय, अर्धा’. ‘शेरू, कान’. आणि त्याच रांगेत, बाटलीऐवजी गोळ्यांची कापलेली पट्टी: ‘मंगल, दाढ, ४’.

गोदी म्हणजे गाय. शेरू म्हणजे कुत्रा. मंगल म्हणजे तात्यांची बायको.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सहावी-सातवीत असेन. आईने विरजणाला दही आणायला पाठवलं होतं. फ्रीज उघडा ठेवून मी सगळ्या पट्ट्या वाचून काढल्या.

“काय बघतस गो?” मंगलकाकूंनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हणाले.

वाडीत मला कोणी काही विचारलं की बहुतेक वेळा माझं उत्तर हेच असतं. शाळा कणकवलीला, इंग्रजी माध्यमात. मालवणी मला सगळी कळते, पण बोलायला गेले की वाक्य आधी मनात लिहून बघते आणि ते नीट होईपर्यंत विषय बदललेला असतो. नांदगावच्या पुढे हमरस्ता सोडून आत वळलं की आमची वाडी. आमचं घर आणि तात्यांचं घर यांच्यामध्ये फक्त एक गडगा आहे, दगडांचा, माझ्या कमरेइतका. त्यामुळे तात्या मला लहानपणापासून दिसत आलेत, आणि न बोलणाऱ्या माणसाला दिसतं जरा जास्तच.

तात्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाल्यावर दवाखाना त्यांनी मनाने घरी आणला. अर्ध्या बाह्यांच्या शर्टाला शिंप्याकडून दोन जादा खिसे लावून घेतलेत. एकात गोळ्यांच्या पट्ट्या आणि दुसऱ्यात थर्मामीटर. हा थर्मामीटर जनावरांचा आहे आणि तो जनावरांना कुठे लावतात हे वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तात्या घरात शिरले की आजारी माणूस उठून बसतो आणि आधी सांगतो, “ताप नाय हां तात्यानू, ताप अजिबात नाय.”

ताप नसला तरी तात्यांचं अडत नाही. “कायएक झाला नाय तरी एक मारून ठेवया,” हे त्यांचं आवडतं वाक्य. मारून ठेवायचं, म्हणजे पुढे होणारं होत नाही. आणि दुसरा नियम असा की बरं वाटलं की औषध थांबवायचं. “बरा झाला मगे औषध कित्याक जाळूचा? उरव. पुढच्याक होता.” अशा उरवण्यातून त्या बारा खाचा भरल्या.

एकदा मामाच्या लग्नाच्या तोंडावर आईला सर्दीखोकला झाला. तात्यांनी गोदीच्या वाट्यातून काहीतरी काढून दिलं. आई तिसऱ्या दिवशी बरी झाली. तशी ती काही न घेताही झाली असती. तात्या गडग्यावर हात ठेवून समाधानाने म्हणाले, “गोदीक पण तिसऱ्याच दिसाक उतार पडलेलो.” आईला आनंद व्हावा की राग यावा ते कळेना. भजनीबुवांचा बसलेला आवाज तात्यांनी वासराच्या खोकल्याच्या औषधाने उघडून दिला होता, तेव्हापासून सप्ताहाच्या आदल्या दिवशी बुवा तात्यांकडे येऊन चमचाभर पिऊन जातात. तात्या पैसे कोणाकडून घेत नाहीत. घेणाऱ्याने फक्त दुसऱ्या दिवशी येऊन कसं वाटतंय ते सांगायचं. नाही सांगितलं तर तात्या घरी येतात. थर्मामीटर घेऊन.

घरामागे उतारावर तात्यांची कोंबड्यांची शेड. कंपनी एक दिवसाची पिल्लं आणून देते, खाद्य देते, चाळीसेक दिवसांनी वाढलेल्या कोंबड्या घेऊन जाते. मधले दिवस तात्यांचे. ते रोज सकाळी निळ्या पिंपातल्या पाण्यात पिवळी पूड टाकतात आणि बांबूने ढवळतात. पिल्लं आजारी असोत नसोत. पहिल्या दिवसापासून गाडी येईपर्यंत. शेडच्या दाराला पाटी टांगलेली आहे, तिच्यावर खडूने ‘आज मर’ लिहून पुढे त्या दिवशी मेलेल्या पिल्लांचा आकडा. बहुतेक दिवस शून्य असतं आणि ते शून्य तात्या गणपतीचं डोकं काढावं तसं मन लावून काढतात. ज्या दिवशी एक लिहावा लागतो, त्या दिवशी काकू त्यांना जेवायला दोनदा हाक मारत नाहीत.

हे सगळं मी मजेने लिहिते आहे, पण मजा मला वाटायची ती नोकरी लागेपर्यंत.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकून मी परत आले आणि कणकवलीच्या एका लॅबमध्ये लागले. माझं काम असं. रुग्णाची लघवी, पू, थुंकी जे येईल त्यातले जंतू एका प्लेटवर वाढवायचे. प्लेटवर औषधांच्या लहान लहान गोल चकत्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी बघायचं. औषध लागू पडणारं असेल तर चकतीभोवती जंतू मेलेले असतात आणि चंद्राला खळं पडतं तसं स्वच्छ वर्तुळ दिसतं. पडणारं नसेल तर जंतू चकतीला टेकून, तिच्या अंगावर चढून वाढलेले असतात. वर्तुळ दिसलं की कागदावर एस लिहायचं, नाही दिसलं की आर.

कधी कधी अशी प्लेट येते की एकाही चकतीला खळं नसतं. आमच्या मॅडम पूर्वी अशी प्लेट आली की सगळ्यांना बोलावून दाखवायच्या. आता बोलावत नाहीत.

तात्यांच्या शेडमधला कोंडा, म्हणजे भाताचं तूस आणि त्यात मुरलेली कोंबड्यांची विष्ठा, वाडीत सगळ्यांच्या परसात खत म्हणून जातो. आमच्याकडे दर खेपेला दोन पाट्या येतात, आईच्या तांबड्या भाजीला. एकदा आषाढात मी त्यातलं चिमूटभर बाटलीत घालून लॅबमध्ये नेलं. का नेलं, सांगता येणार नाही. प्लेट तयार झाली तेव्हा मी ती खिडकीशी धरली, फिरवून बघितली, मग दुसऱ्या खिडकीशी धरली.

“कुठला पेशंट हा?” मॅडमनी विचारलं.

“पेशंट नाही. भाजीचं खत आहे.”

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला.

जंतूंचं एक आहे, औषधाला तोंड देण्याची युक्ती ते एकमेकांना देतात. परीक्षेच्या वर्गात चिठ्ठी फिरावी तशी. आणि चिठ्ठी घेणारा त्याच जातीचा असावा लागत नाही. कोंबडीच्या आतड्यातला जंतू ती माणसाच्या आतड्यातल्या जंतूला देतो, तो त्याच्या शेजाऱ्याला. जंतू मरून गेला तरी चिठ्ठी फिरत राहते. मला हे परीक्षेत वीस मार्कांना आलं होतं आणि मी सगळे मिळवले होते. आमच्या परसाचा त्याच्याशी संबंध असेल असं तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी घाबरून राहायला लागले. भाजी मिठाच्या पाण्यात घालायची, मग साध्या, मग परत मिठाच्या. आई म्हणाली, “भाजयेक न्हाणी घालतस काय गो? साबू पण लाव.” विहिरीचं पाणी मी वीस मिनिटं उकळायची. शेड उतारावर, विहीर तिच्या खाली, आणि पाऊस आमच्याकडे पाऊस असतो. तात्या आमच्या बेड्याचा आडणा, म्हणजे फाटकाचा आडवा बांबू, हाताने सरकवून यायचे, ते गेले की मी आडणा पुसायची. एकादशीला त्यांनी हातावर ठेवलेला प्रसाद मी तोंडात न घालता मुठीत धरून घरी आणला आणि माडाच्या मुळात टाकला. मग वाटलं, माडाला कशाला? आणि उचलून चुलीत टाकला.

पण तात्यांना मी काही बोलले नाही. वाक्य तयार होतं: “तात्या, कोंबड्यांना रोज औषध घालणं बंद करा.” एवढंच. लॅबला जाताना रोज सकाळी शेडवरून वाट जाते. पिंप ढवळता ढवळता तात्या ओरडायचे, “काय गो लॅबवाले, आज किती जंतू मारतलंस?”

मी मारत नाही, वाढवते, असं मनात यायचं. आणि मग तयार ठेवलेलं वाक्य यायचं. तोंडातून निघायचं ते “काही नाही.”

श्रावणातल्या एका गुरुवारी मंगलकाकूंनी मला गडग्याशी गाठलं. काकू लहानखुऱ्या, चेष्टेखोर बाई. मुलगा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात, त्यामुळे चेष्टेला घरात तात्या एकटेच सापडतात. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरलेला होता.

“गो, तुका एक सांगतंय. ह्यांका सांगू नको.” त्या हळू आवाजात बोलत होत्या. “लघयेक जळजळता. आणि मधीच थंडी भरता. ह्यांनी तीनदा डोस दिल्यानी. दोन दिस बरा वाटता, मगे परत तसाच.”

“कुठले डोस?”

“पयलो गोदीचो. मगे बोकडाचो. मगे पिल्लांचो.” आणि तशाही अवस्थेत त्या हसल्या. “आता बें बें करूचा तेवढा रवला.”

मी त्यांना लॅबची बाटली दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांनी आमच्या तुळशीमागे कागदात गुंडाळून ठेवली होती, वर जास्वंदीचं फूल. कुणी विचारलं तर पूजेचं म्हणून.

“मॅडमांका सांग, ह्यांची चूक नाय हां,” त्या म्हणाल्या. “तेंका वायट वाटात.”

शुक्रवारी जंतू वाढायला ठेवले, शनिवारी संध्याकाळी मॅडमनी चकत्या वाचल्या. कागदावर सोळा औषधांची नावं असतात. चौदा आर, दोन एस. मॅडम शेवटच्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, “ओळखीच्या आहेत ना? आजच सांग. हे इंजेक्शन गोळीत येत नाही. हॉस्पिटलातच घ्यावं लागेल.”

मी आजच सांगितलं नाही. इथे मला स्वतःबद्दल लिहावं लागतंय ते आवडत नाही, पण घडलं असं. कागद पर्समध्ये घालून मी घरी आले. काकूंनी तात्यांना सांगू नको म्हटलं होतं आणि काकूंच्या शेजारी तात्या बसले होते. मी गडग्यापाशी थोडी थांबले. तात्या म्हणाले, “काय गो?” मी म्हणाले, “काही नाही.” रविवारी सकाळी काकू भांडी घासत होत्या, मला बघून त्यांनी ओला हात हलवला, म्हणजे आज बरं आहे. मी स्वतःला म्हटलं, मग उद्या सांगू.

दुपारी बाराच्या सुमाराला त्यांच्या घरातून आवाज यायला लागला. लोखंडी खाट फरशीवर आपटल्यासारखा, टक टक टक टक. मी गडगा ओलांडून धावले. काकूंवर दोन गोधड्या आणि एक कांबळं होतं आणि त्यांच्याखाली त्या इतक्या थडथडत होत्या की खाटेचे पाय हलत होते. ओठ निळसर. डोळे उघडे, पण मी आल्याचं त्यांना कळलं नाही.

तात्या फ्रीजसमोर उकिडवे बसले होते. दार सताड उघडं. एक बाटली काढायची, उजेडात धरायची, ठेवायची, दुसरी काढायची.

“तात्या,” मी म्हणाले, “त्यातलं एकही लागू पडणार नाही.”

वाडीत माझा आवाज एवढा मोठा कुणी ऐकला नसेल. तात्या वळले. मी कागद पुढे केला.

आर म्हणजे काय ते त्यांना समजवावं लागलं नाही. दवाखान्यात दुधाच्या तपासणीचे असे कागद येत असत. त्यांनी चष्मा लावला, पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि खाली सरकवत गेले. आवाज अगदी सपाट.

“ह्या कोंबड्यांच्या पाण्यात. ह्या पण पाण्यात. ह्या गोदीक, कासेक. ह्या मास्तरांच्या बोकडाक. ह्या तुझ्या आवशीक. ह्या पाण्यात. ह्या... ह्या मंगलीक, गेल्या म्हयन्यात.”

मी सोळा नावं कित्येकदा टाइप केली आहेत. ती कुणी ओळखीच्या माणसांसारखी, प्रत्येकाचं घर सांगत वाचलेली मी कधी ऐकली नव्हती. खाट वाजत होती. शेवटून दुसऱ्या नावाशी बोट थांबलं. तिथे एस होतं.

“ह्या चलता?”

“चालतं. पण ते अगदी शेवटचं म्हणून ठेवतात. बाकी सगळी हरली की मग.”

“ही पावडर मी पिल्लांका देय होतंय. वाढीक. मगे सरकारान बंद केल्यान.”

“मग तुम्ही बंद केलीत ना?”

तात्यांनी चष्मा काढला.

“एक डबो उरलेलो,” ते म्हणाले. “ह्या खेपेक दिलंय.”

एवढी भीती मला आयुष्यात वाटलेली नव्हती. बाहेर पिल्लं चिवचिवत होती, दीड हजार, नेहमीसारखी.

कणकवलीच्या डॉक्टरांनी कागद बघितला, काकूंचा रक्तदाब बघितला आणि पेशंट खाली न उतरवता तशीच गाडी गोव्याला काढायला सांगितली. वाडीतून निघतानाच आईने घर आणि शेड बघायचं कबूल केलं होतं. तेव्हा तात्या तिला एवढंच म्हणाले होते, “पाण्यात काय घालू नको. निसता पाणी.” आई बघत राहिली. मुलगा कुठल्या समुद्रात आहे ते कुणाला नक्की माहीत नव्हतं, म्हणून बरोबर मी.

अॅम्ब्युलन्समध्ये काकूंना सलाइन लावलेलं. तात्या त्यांच्या पायाशी बसले होते. सावंतवाडी मागे गेली. मग ते एकदम बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

“आमच्या दवाखान्यात म्हयन्याचा औषध पयल्या आठवड्यात संपा. मगे लोक येयत. डोंगरावयल्या वाडीतसून पावसातसून चलत, बैलाक पुढे घालून. कपाट उघाडलंय तर आत निसतो कापूस. मगे काय करतलंय? इंजेक्शनाचा पाणी भरून मारलंय. किती जणांच्या बैलांका. बैल काय जगणा नाय. पण तो माणूस म्हणा होतो, तात्यान काय ता केल्यान.” त्यांनी काकूंच्या पायावरची चादर नीट केली. “कपाट रिकामा दिसला की माका अजून भिया वाटता गो.”

 

हॉस्पिटलात काकूंना वेगळ्या खोलीत ठेवलं. मॅडमनी सांगितलेलं इंजेक्शन सुरू झालं, दिवसातून तीनदा, दहा दिवस, एकही चुकवायचं नाही. तरुण डॉक्टरीण होती. ती म्हणाली, “लागू पडायला हवं.” हवं, एवढंच.

तात्यांनी तिला विचारलं, आणि तेही ऑफिसात बोलतात तशा शुद्ध मराठीत, “मॅडम, हे तिला माझ्याकडूनच झालं का?”

“तसं सांगता येत नाही, काका. बाजारातून येतं, पाण्यातून येतं, हॉस्पिटलातूनसुद्धा येतं. तुम्हीच असं कुणी म्हणू शकणार नाही.”

“मी नाही, असं म्हणता येईल?”

 “नाही,” ती म्हणाली.

मग तिने त्यांना हात धुवायला शिकवले. कोंबड्यांमध्ये वावरणाऱ्याने खोलीत जाण्याआधी कसे धुवायचे, बोटांच्या मधून, नखांच्या खालून, मनगटापर्यंत. तात्या ते विद्यार्थ्यासारखे शिकले. जिन्याजवळच्या बेसिनवर ते उभे राहायचे आणि धुवायचे. संपलं की बघायचे आणि परत धुवायचे. दुसऱ्या दिवशी साबणाने कातडी तडकली. तिसऱ्या दिवशी बोटांच्या सांध्यांवर रक्त आलं आणि सिस्टर ओरडली, “आजोबा, पुरे हो! जखम झाली की त्यातूनच जंतू शिरतात!” ते ऐकून त्यांनी नळ बंद केला आणि हात अंगापासून लांब धरून उभे राहिले, जणू ते कोणा दुसऱ्याचे आहेत.

खोलीत मात्र ते गेले नाहीत. आले की दारात उभे राहायचे, उंबऱ्याच्या अलीकडे. पहिले दोन दिवस काकूंना शुद्ध नव्हतीच धड. ताप उतरायचा, चढायचा. चढला की तात्या भिंतीला पाठ लावून खाली बसायचे. मी तिसऱ्या दिवशी लॅबला हजर झाले, पण लॅबमध्येसुद्धा काचेखालच्या प्रत्येक प्लेटमध्ये मला काकूच दिसायच्या. शनिवार संध्याकाळ आणि रविवारची दुपार यांच्यामध्ये किती तास येतात ते मी पुन्हा पुन्हा मोजत होते.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने मी परत गेले. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. अर्ध्या झाल्या होत्या, पण डोळे जागेवर होते. तात्या दारात.

“इलंस? बरा झाला,” काकू मला म्हणाल्या. “ह्या माणसाक विचार, भायर कित्याक उभो तो. काल लग्नाचा चेडू बघूक इल्यासारखो थयसरच. आत ये म्हटला तर येणा नाय. लग्नाक पण येवढो लाजूक नाय होतो.”

“माझो हात बरो नाय,” तात्या म्हणाले.

“हाताक काय झाला? माझ्या बापाशीन हात बघून दिल्यान काय माका?”

 तात्यांनी मला विचारलं, “शेडीत?”

मी आईशी फोनवर बोलून आले होते. आकडा सांगायचा नव्हता, पण त्यांनी मान वर करून परत विचारलं.

“काल नऊ,” मी म्हणाले. “एकूण एकतीस.”

त्यांचं तोंड वाकडं झालं. “निसताच पाणी ना?”

“नुसतंच पाणी.”

“बरा,” ते म्हणाले. थोड्या वेळाने परत, “बरा.”

अकरा वाजले. सिस्टर येऊन ताप बघून गेली, ताप नव्हता. सलग दुसरा दिवस. पण अजून तीन दिवसांची इंजेक्शनं बाकी होती आणि तीन दिवसांपूर्वीही एकदा असाच उतरून चढला होता. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

“ताप आसा काय गो?” तात्यांनी दारातून विचारलं.

“नाही. आत्ताच बघितला ना सिस्टरने.”

“तेनी यंत्र दाखयल्यानी. तू हात लावन बघ.”

मी माणसांना हात लावत नाही. आईच्याही गळ्यात मी परीक्षेला जाताना कधी पडलेली नाही. पण तात्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी बेसिनपाशी गेले आणि बोटांच्या मधून, नखांच्या खालून हात धुतले. पुसताना मनात आलं, मीसुद्धा त्याच वाडीतली, तेच पाणी, तीच भाजी. माझ्या हातावर काय आहे ते कुणी बघितलंय? मी परत एकदा धुतले. मग काकूंच्या खाटेशी आले आणि त्यांच्या कपाळावर तळवा ठेवला.

काकूंनी डोळे मिटले.

“कसा लागता?”

“थंड.”

“घामाचा थंड, का बरा थंड?”

मला पटकन सांगता येईना. मी डोळे मिटून नीट बघितलं. कपाळ कोरडं होतं, आणि माझ्या तळव्याइतकंच गार.

“बरं थंड,” मी म्हणाले आणि हात उचलायला लागले.

“काढू नको,” तात्या दारातून म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “रवांदे वायच.”

मी हात तसाच ठेवला. तात्या उंबऱ्याच्या अलीकडे, तडकलेले दोन्ही हात पाठीमागे धरून, माझ्या हाताकडे बघत उभे होते.